छोटा शिग्री हिमनदीच्या ओढ्याचं पाणी राखाडी का असतं, आणि दुपारी ते वाढतं का?

राखाडी रंग दगडाच्या पिठामुळे येतो, आणि दुपारची वाढ उन्हात वितळणाऱ्या बर्फामुळे होते. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधली ही सुमारे ९ किलोमीटर लांबीची हिमनदी पीर पंजालच्या उत्तर उतारावर आहे. तिचं तोंड साधारण ४,०५० मीटर उंचीवर असून तिथून निघणारा ओढा चंद्रा नदीला मिळतो. इथला खडक मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता आणि दाबाने बनलेला पट्टेदार खडक). बर्फाच्या तळाशी अडकलेले धोंडे सहाणेवर गंध उगाळावं तसे खालच्या खडकावर घासले जातात, आणि त्यातून क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक या खनिजांची भुकटी होते. ती इतकी बारीक असते की वाहत्या पाण्यात तळाशी बसतच नाही. हे पाणी फडक्यातून गाळलं तरी गढूळच राहतं, त्यामुळे बाटली भरायची तर बाजूचा स्वच्छ झरा शोधावा.

ऊन चढलं की वितळण वाढते, पण वरचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. म्हणून ओढा दुपारनंतर फुगतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. ओलांडायचा तर तेव्हाच.

मात्र प्रत्येक हिमनदीचा ओढा असा गढूळ नसतो: वाटेत तलाव लागला तर गाळ तिथे बसतो आणि पुढे पाणी बरंच नितळ येतं.