कीड संशोधनावर सरकारने पैसा का घालावा? कीटकनाशक कंपन्या आहेतच की!

कंपनी विकता येईल तेच शोधणार, आणि काही उत्तम उपाय विकताच येत नाहीत. पपईवरचा पिठ्या ढेकूण ही कीड घ्या. 2008 मध्ये तो भारतात पहिल्यांदा कोइम्बतूरला सापडला आणि बघता बघता पपई, तुती, कसावा सगळीकडे पसरला. आपल्याकडच्या पपईच्या बागांनीही त्याचा तडाखा सोसला. फळ कापसात गुंडाळल्यासारखं पांढरं होतं. त्या मेणचट थरातून औषध आत शिरत नाही, त्यामुळे फवारणीवर फवारणी करूनही कीड तिथेच.

2010 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळुरूच्या संस्थेने अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने प्युर्टो रिकोहून तीन मित्रकीटक आणले. त्यातली ॲसेरोफॅगस पपायी ही जेमतेम मिलिमीटरभराची गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, मागे भोक पडलेलं वाळकं टरफल उरतं. आधी विलगीकरणात चाचण्या झाल्या, मग कृषी विद्यापीठांमार्फत ती शेतांत सोडली. पुढे ती आपली आपण वाढली, शेजारच्या बागेतही गेली.

दरवर्षी नवी बाटली घ्यावी लागली नाही. मग यात कोणती कंपनी पैसा गुंतवेल? म्हणून हा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा, आणि सलग व्हायला हवा. कीटक ओळखणारे तज्ज्ञ घडायला वर्षं लागतात, संकट आल्यावर जाहिरात काढून ते मिळत नाहीत.