तिसऱ्या कडव्याला तुणतुणं का टोचतं?

प्रश्न : आमच्या गटात गोंधळी घरातला एक गायक आहे. अमेरिकन गायक जॉनी कॅश यांचं ‘आय वॉक द लाइन’ हे गाणं त्याच्या मनात बसलंय. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तुणतुणं, संबळ, दिमडी आणि पेटीवर तो ते म्हणणार आहे. तालमीत पहिलं कडवं झकास जातं, दुसरंही निभावतं, तिसऱ्याला मात्र सगळं विस्कटतं. गायक म्हणतो तुणतुणं उतरलं, तुणतुणेवाला म्हणतो तूच चढलास. चूक नेमकी कुणाची? (माजलगावहून एक वाचक)

उत्तर : दोघांचीही नाही. हे गाणं दर कडव्याला षड्ज, म्हणजे आधाराचा सा, बदलतं आणि तुणतुण्याला तार एकच असते, सगळा घोळ तिथेच आहे.

कॅश यांनी 1956 साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्ससाठी हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. पाच कडवी आहेत. आपल्या पेटीच्या भाषेत, म्हणजे सा कोणत्या पट्टीवर येतो ते सांगायचं तर, पहिलं कडवं पांढरी चार, दुसरं काळी पाच, तिसरं काळी दोन, चौथं पुन्हा काळी पाच आणि पाचवं पुन्हा पांढरी चार. कडवं सुरू होण्याआधी कॅश ओठ मिटून गुणगुणतात. पुष्कळांना ती नुसती लकब वाटते. खरं तर ते नव्या कडव्याचा सूर धरून घेत असतात.

आता तुणतुणं पांढरी चारला लावलंय असं समजा. पहिल्या कडव्यात ते सा देतं. दुसऱ्या कडव्याचा सा म्हणजे पहिल्याचा मध्यम (म), म्हणून तोच तुणतुण्याचा सूर आता पंचम (प) ठरतो. सा आणि पंचम सख्खे भाऊ, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही, उलट भरल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात सा आणखी एका मध्यमाने सरकतो आणि तुणतुणं नव्या सप्तकातला रिषभ (रे) वाजवत बसतं. सतत घुमणारा रिषभ सा-ला घासतो. गायक नकळत त्याच्याकडे ओढला जातो, पेटीवाला गायकाकडे, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत कुणीच कुणाच्या सुरात राहत नाही.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे तिसऱ्या कडव्यात तुणतुण्याची तार बोटाने दाबून गप्प करायची आणि चौथ्याला पुन्हा सोडायची. आम्हाला हाच जास्त आवडतो, कारण मधलं कडवं उघडं पडतं आणि चौथ्याला तार परत आली की ऐकणारा सुखावतो. दुसरा उपाय म्हणजे काळी दोनला लावलेलं दुसरं तुणतुणं फक्त तिसऱ्या कडव्यासाठी जवळ ठेवायचं. गाणं चालू असताना खुंटी पिळून सूर बदलायच्या फंदात मात्र पडू नका. ताणलेली तार लगेच उतरते आणि पुढची दोन्ही कडवी जातात.

कडव्यांमधला पूल पेटीवाल्याने बांधावा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सा रे ग म असे चार स्वर सुटे, एकेका ठोक्यावर वाजवायचे आणि म-वर थांबायचं. तोच नवा सा. गायकाने तो धरून पूर्ण दोन ठोके गुणगुणावं, मगच शब्द उचलावा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाही हेच. परतताना, म्हणजे तिसऱ्यातून चौथ्यात आणि चौथ्यातून पाचव्यात, सा नी ध प असं खाली उतरून प-वर थांबायचं. तालमीत पहिले तीन दिवस शब्द बाजूला ठेवा आणि फक्त हे चार पूल पाच-पाच वेळा म्हणा.

प्रश्न : याच गाण्याचं शेवटचं कडवं आमच्या गायकाला खाली जातच नाही. तो एरवी काळी चारला मोकळा गातो. सूर वाढवावा का? (औशाहून एक वाचक)

उत्तर : शेवटच्या कडव्यात पहिल्याचेच शब्द पूर्ण एक सप्तक खाली येतात. मैदानात गाणाऱ्याचा गळा वर तयार झालेला असतो, खालच्या षड्जाला त्याचा नुसता वारा येतो. सूर वाढवता येतो, पण तिसऱ्या कडव्यात किती चढावं लागेल तेही आधी पाहा. म्हणून या गाण्याचा सूर पहिल्या कडव्यावरून ठरवायचाच नाही. शेवटचं कडवं आधी गाऊन घ्या, त्यातला सगळ्यात खालचा स्वर माइकशिवाय पाच हातांवरच्या माणसाला स्पष्ट ऐकू येतो का ते बघा आणि तिथून मागे मोजत पहिल्या कडव्याचा सूर धरा. तरीही जमत नसेल तर शेवटचं कडवं पहिल्याच्याच सप्तकात, निम्म्या आवाजात, संबळ थांबवून म्हणा. कॅश यांच्या खर्जाची नक्कल करायला जाऊ नका. तो त्यांच्या गळ्याचा धर्म होता. तुमच्या गायकाकडे आहे ती वरची धार आणि सांगण्याची ताकद, गाणं त्यावर उभं करा.

प्रश्न : गाण्यात ‘डुग-चिक डुग-चिक’ असा एकसारखा ठेका ऐकू येतो. तो संबळेवर कसा बसवायचा? आमचं गाणं दर कडव्याला पळत सुटतं. (पूर्णेहून एक वाचक)

उत्तर : मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम नाहीच. ल्यूथर पर्किन्स यांची इलेक्ट्रिक गिटार, मार्शल ग्रँट यांचा बास आणि कॅश यांची साधी गिटार, एवढाच संच. ‘चिक’ येतो तो कॅश यांनी गिटारच्या तारांत अडकवलेल्या कागदातून. तारांचा गोडवा मरतो आणि झाडूने ड्रम घासल्यासारखा कोरडा आवाज येतो.

तुमच्याकडे गिटार असेल तर साध्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. ती एका तारेवरून, पुढच्या तारेखालून अशी विणत सहाही तारांतून काढा. सूर दबला पण ओळखू येतो इतपतच घट्ट ठेवा. जाड पुठ्ठा घातला तर सूरच मरतो.

गिटार नसेल तर दिमडीवर काम भागतं. कातड्याच्या मागच्या बाजूला डाव्या हाताची दोन बोटं टेकवून ठेवा आणि उजव्या हाताने काठावर टिचकी मारा, म्हणजे ‘चिक’ मिळतो. ‘डुग’ संबळेच्या ढोल्या अंगावर, एकच सुटा ठोका. केरवा या साध्या ठेक्याच्या अंगाने मोजा, पण भरणा करू नका. संबळेच्या बारीक आवाजाच्या अंगावरची काडी पहिली दोन कडवी खालीच ठेवा.

पळण्याचं कारण सवयीत आहे. गोंधळाची लय चढत जाते, अंगात येईपर्यंत वाढवायची असते आणि संबळेवाल्याचा हात त्याच वळणाचा असतो. हे गाणं एकनिष्ठ राहायच्या वचनाचं आहे. लय ढळली की वचनच ढळल्यासारखं वाटतं. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं ॲप, मिनिटाला 104 ठोक्यांवर लावून फक्त संबळेवाल्याच्या कानात द्या आणि चार तालमी तशा करा. पुलाच्या चार ठोक्यांत लय हमखास सुटते, म्हणून तिथे संबळ बंद आणि दिमडी एकटी.

प्रश्न : डिसेंबरात रात्रीच्या कार्यक्रमात तुणतुणं दर अर्ध्या तासाला उतरतं. (कळंबहून एक वाचक)

उत्तर : दव. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि तारेचा ताण जातो. हलगी शेकतात तसं तुणतुणं जाळावर धरू नका, तार ओवलेल्या भोकापाशी कातडं तडकतं. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, मंचावर जायच्या दहा मिनिटं आधी काढा आणि तळहाताने चोळून ऊब द्या. तार कातड्यातून जिथे निघते तिथे चामड्याची छोटी चकती हवीच, नाहीतर तार कातडं कापत जाते आणि सूर रोज थोडा थोडा खाली येतो. खुंटी घसरत असेल तर तिला खडूची पूड लावा.

प्रश्न : गाणं मराठीत करून यूट्यूबवर टाकायचंय. परवानगी लागते का? (माजलगावच्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : लागते. हे गाणं कॅश यांनीच लिहिलं आणि त्यांचं निधन 2003 साली झालं. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे तो अजून संपलेला नाही. भाषांतराचा हक्कही मालकाचाच असतो. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 31 सी कव्हर व्हर्जनची, म्हणजे आधी निघालेलं गाणं दुसऱ्याने नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची, वाट देतं खरं, पण आगाऊ सूचना, आगाऊ रॉयल्टी आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींचा हिशोब ही छोट्या गटाला झेपणारी वाट नाही. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे शब्द-चाल बदलायला त्यात मनाई आहे, मराठी शब्द तर दूरच. तेव्हा गाण्याच्या प्रकाशकाला मराठी शब्द इंग्रजी अर्थासह पाठवून लेखी परवानगी मागा. स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनीच सादर केलं आणि ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील, तर त्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावून बाहेर कार्यक्रम केला की आयोजकाने परवाना काढायचा.

शब्दांबद्दल एवढंच. दर कडव्याची शेवटची ओळ पालुपद आहे, आधी ती पक्की करा आणि मग बाकीची कडवी. ‘लाइन’ची ‘रेषा’ करू नका. आपल्याकडे माणूस वाट सोडत नाही, पायरी सोडत नाही, शब्द मोडत नाही. ओळीच्या शेवटी वाट, हात, साथ असे मिटणारे शब्द घ्या, ते ‘चिक’वर नेमके पडतात. ‘माझ्यासाठी’, ‘तुझ्यापाशी’ असले लांब स्वरांत संपणारे शब्द पुढच्या ठोक्यावर सांडतात आणि गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.