ग्लॉक की कॅप-अँड-बॉल?

अमेरिकेत रेंजवर नव्याने जाताय आणि ग्लॉक १७ हे आधुनिक पिस्तूल घ्यावं की कोल्ट १८६० आर्मी या जुन्या कॅप-अँड-बॉल (दारू, गोळी आणि कॅप सुटी भरायच्या) रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती, यात अडकला असाल, तर नेमबाजी शिकायला ग्लॉकच घ्या. मॅगझिनमध्ये १७ काडतुसं, पुढचं काडतूस स्लाइडच (वरचा सरकता भाग) चढवते; लक्ष फक्त पकड आणि ट्रिगरवर.

कोल्टचं, म्हणजे काळ्या दारूचं, काम निवांत. सिलिंडरच्या कप्प्यात मापाने दारू (.४४ कॅलिबरला २५ ग्रेन या मापापासून सुरुवात करा, डब्यातून थेट कधीच ओतू नका), त्यावर वंगण लावलेली नमद्याची चकती, मग .४५४ ची शिशाची गोळी. दट्ट्याने दाबताना शिशाची बारीक कडी सोलून निघाली, तर गोळी घट्ट बसली म्हणायचं. गोळीखाली पोकळी नको. कॅप्स (बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) सगळ्यात शेवटी, तेही नळी समोर धरून. गोळी किंवा कॅप सैल असली, तर आग शेजारच्या कप्प्यात शिरते आणि दोन बार एकदम उडतात. सहापैकी पाचच कप्पे भरा, घोडा रिकाम्यावर ठेवा. बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नको, सिलिंडर फुटतो.

फुटलेल्या कॅपचा तुकडा यंत्रणेत अडकणं तर ठरलेलंच.

खरी कटकट घरी आल्यावर. काजळी हवेतला ओलावा ओढते, गंज लगेच धरतो. त्याच दिवशी निपल (ज्यावर कॅप बसते) काढून गरम साबणाच्या पाण्याने धुवा, नीट वाळवा, तेल द्या. ग्लॉकचं ब्रश आणि थेंबभर तेलावर भागतं.

संघीय कायदा या प्रतिकृतींना ‘अँटिक’ (पुरातन शस्त्र) धरतो, पण राज्यांचे नियम निराळे. खरेदीआधी ते तपासा.