ग्रिलवरच्या चिकनसाठी तीस डॉलरांच्या आत कोणता थर्मामीटर घ्यावा?

तुम्ही विचारलंय की डेन्व्हरमधला पहिलाच उन्हाळा आहे, २२ इंची कोळशाचा ग्रिल घेतलाय, चिकनच्या तंगड्या बाहेरून करपतात आणि हाडापाशी कच्च्या राहतात. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि थर्मामीटरवर ३० डॉलरांच्या वर खर्च करायचा नाही. मी न्यू जर्सीत राहतो. मे महिन्याच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे जवळजवळ दर शनिवारी कोळसा पेटतो, आणि यातली प्रत्येक चूक मी करून बसलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थर्मोप्रोचा टीपी-१९ घ्या. मांसात खुपसायची सळई घडी करून आत जाते, आकडा तीन-चार सेकंदांत येतो, किंमत २०-२५ डॉलरांच्या आसपास असते. थर्मोवर्क्सचा थर्मोपॉपही उत्तम आहे, पण तो तुमच्या तीसच्या थोडा वर जातो. सेल लागला असेल तर बघा. त्याच कंपनीचा थर्मापेन एका सेकंदात आकडा देतो आणि ज्यांच्याकडे आहे ते त्याचं फार कौतुक करतात, पण त्याला शंभर डॉलरांच्या आसपास मोजावे लागतात. आठवड्यातून एकदा तंगड्या भाजणाऱ्याला त्याची गरज नाही. अगदीच हात आखडता घ्यायचा असेल तर थर्मोप्रोचाच टीपी-०३ पंधरा डॉलरांच्या आसपास मिळतो. थोडा हळू आहे, आणि पाण्यापासून जपावा लागतो.

एक गोष्ट मात्र घेऊ नका. सुपरमार्केटात मांसाच्या काउंटरशेजारी लटकवलेला, घड्याळासारख्या तबकडीचा सात-आठ डॉलरांचा थर्मामीटर. मी पहिला तोच घेतला होता. त्याच्या सळईच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते आणि ती टोकापासून दोन-अडीच इंचांपर्यंतच्या लांबीचं तापमान एकत्र मोजते. म्हणजे अख्ख्या टर्कीत किंवा मोठ्या रोस्टमध्ये खोल गेला तर ठीक. तंगडीत अर्धा-पाऊण इंच मांस मिळतं, उरलेली सळई निखाऱ्यांवरच्या गरम हवेत राहते, आणि काटा खुशाल १७० अंश फॅरनहाइट दाखवतो. पार्कातल्या एका पार्टीत मी त्या काट्यावर विश्वास ठेवून आठ तंगड्या उतरवल्या. मित्राच्या सहा वर्षांच्या मुलाने दोन घास खाल्ले आणि हाडाजवळचं मांस कच्चं, चिकट दिसलं. सुदैवाने त्याला काही झालं नाही, पण पुढचे दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे फोन करत होतो. तुमच्या प्रश्नात मुलीचा उल्लेख वाचल्यावर तोच दिवस आठवला.

डिजिटल थर्मामीटरमध्ये मोजणारा भाग सळईच्या अगदी टोकाशी असतो. तंगडीसारख्या लहान तुकड्यासाठी तेच लागतं. टोक जितकं बारीक तितका आकडा लवकर येतो आणि मांसाला भोकही लहान पडतं.

वेगाला मी इतकं महत्त्व देतो त्याचं कारण तुमच्या करपलेल्या तंगड्यांशी जोडलेलं आहे. झाकण उघडलं की निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते आणि ते भडकतात. आठ तुकडे तपासायचे, प्रत्येकाला वीस सेकंद लागले, तर अडीच मिनिटांहून जास्त वेळ झाकण उघडं राहिलं. तेवढ्यात खालची बाजू काळी होते, आणि तुमचा हातही भाजून निघतो. चार सेकंदांचा थर्मामीटर असेल तर तेच काम अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतं.

आपल्या लोकांना थर्मामीटर वापरायची सवय नसते याचं मला आधी नवल वाटायचं. आता वाटत नाही. आपल्या घरी चिकन-मटण बहुतेक रश्श्यात किंवा कुकरमध्ये शिजतं. रस्सा रटरटत असला की पाणी उकळतंय हे डोळ्यांना दिसतं, आणि अर्धा तास त्यात बुडून राहिलेला तुकडा आतून कच्चा राहण्याची सोयच नसते. कुकरमध्ये तर तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. माझ्या आईला कधी थर्मामीटर लागला नाही तो यामुळे. ग्रिलवर तुकड्याभोवती पाणी नाही. बाहेर चारशे-पाचशे अंश फॅरनहाइटची धग आणि हाडाशी शंभर अंश, असं एकाच तंगडीत असू शकतं.

त्यात आपला मसाला. इथले लोक सांगतात की चिकनमधून निघणारा रस स्वच्छ दिसला की झालं. तो सल्ला तसाही भरवशाचा नाही, आणि दही, हळद, काश्मिरी तिखट लावून रात्रभर मुरवलेल्या तंगडीतून तर स्वच्छ रस कधीच येत नाही. शिजलं तरी लाल, कच्चं असलं तरी लाल. उलटही होतं. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज झिरपून हाडाभोवतीचं मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर राहतं, आणि घाबरून आपण ते आणखी पंधरा मिनिटं वाळवतो. रंगावर जाऊच नका.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम कोंबडीसाठी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. तिथे साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जवळजवळ तत्क्षणी मरतो. त्याहून थोड्या कमी तापमानाला काही मिनिटं टिकवलं तरी तोच परिणाम मिळतो, पण घरात लहान मूल आहे, कोळशाची आच हातात पक्की बसलेली नाही, तोवर १६५ सोडू नका. छातीचा तुकडा १६५ ला लगेच उतरवा, पुढे गेला की तो कोरडा पडतो. तंगडी आणि मांडीचं वेगळं आहे. १६५ ला ती सुरक्षित होते, पण दाताला रबरासारखी लागते. १७५ ते १८५ पर्यंत जाऊ द्या. तिथे मांसाचे धागे जोडून ठेवणारा चिवट भाग विरघळतो आणि मांस हाडापासून सुटतं. आपण इथेही कातडी काढलेल्याच तंगड्या घेतो, म्हणून शेवटच्या दहा-बारा अंशांत एकदा तेलाचा किंवा तुपाचा हात फिरवा.

मटणाच्या किंवा बीफच्या खिम्याचे कबाब किंवा बर्गर केलेत तर १६०, चिकनच्या खिम्याला मात्र १६५च. अख्ख्या चॉपला १४५ आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं विश्रांती चालते, कारण तिथे जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तो भाजला जातो. खिमा करताना पृष्ठभाग आत मिसळतो. इथे १९९३ मध्ये अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जंतूची मोठी साथ झाली, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं गेली. कृषी खातं आजही बजावतं की चारांतला एक हॅम्बर्गर सुरक्षित तापमानाला पोचण्याआधीच आतून तपकिरी होतो. बकऱ्याच्या चॉप्सनाही १४५ पुरतं, मात्र रान, म्हणजे मागचा अख्खा पाय, भाजणार असाल तर १४५ ला ती सुरक्षित असली तरी चावणार नाही. मंद आचेवर १९५-२०० पर्यंत न्यावी लागते आणि त्याला काही तास लागतात. मासे १४५.

थर्मामीटर कितीही चांगला असला तरी सळई चुकीच्या जागी गेली तर आकडा खोटा येतो. तंगडीच्या सर्वात जाड भागात, हाडाला समांतर घाला आणि हाडाला टेकू देऊ नका. टेकली तर आकडा मांसाचा राहत नाही, किंचित मागे घ्या. आपल्यासाठी एक खास अडचण आहे, ती मी इथल्या कुठल्याही पाककृतीत वाचली नाही. मसाला आत जावा म्हणून आपण तंगडीला खोल चिरा देतो. सळई चिरेत गेली तर तिला गरम मसाला आणि गरम हवा लागते, मांस नाही, आणि आकडा दहा-वीस अंशांनी जास्त दिसू शकतो. दोन चिरांच्या मधल्या अखंड मांसात घाला. कबाब किंवा पातळ तुकडा असेल तर वरून टोचू नका, चिमट्याने उचलून बाजूने आडवी घाला. आणि आकडा थांबला की सळई हळूहळू बाहेर ओढत आकड्याकडे बघा. मधे कुठे तो खाली घसरला तर तीच सर्वात थंड जागा, आणि तुमचा खरा आकडा तो. सगळ्यात मोठा तुकडा आणि निखाऱ्यांपासून सगळ्यात लांबचा तुकडा हे दोन तरी तपासल्याशिवाय ताट पुढे करू नका.

हे सगळं केलं तरी तंगड्या करपणं थांबणार नाही, कारण तो दोष कोळशाच्या मांडणीत आहे. सगळा कोळसा ग्रिलच्या एका अर्ध्यात लावा. तंगड्या रिकाम्या अर्ध्यात ठेवा, झाकण लावा, झाकणाचं भोक तंगड्यांच्या बाजूला येऊ द्या. दह्याचा मसाला थेट निखाऱ्यांवर लगेच जळतो, इथे त्याला तो त्रास नाही. १५५-१६० झाले की मग निखाऱ्यांवर आणा आणि उलटसुलट करत हवे तेवढे डाग पाडून घ्या. तेवढ्यात आतला आकडा १७५ च्या जवळ जातो. साधारण पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं धरा, पण घड्याळ नुसतं अंदाजाला.

घेताना बाकी काय बघाल? साधी ट्रिपल-ए बॅटरी असावी. बटणासारखी बॅटरी रविवारी संध्याकाळी संपली की शोधत फिरावं लागतं. आकड्यामागे दिवा हवा, कारण अंधारात भाजणं होतंच. नळाखाली धुता यावा. फॅरनहाइट-सेल्सिअस बदलता यावं. ब्लूटूथ, फोनवरचं ॲप, मांसाचे प्रकार छापलेली बटणं, यांना पैसे देऊ नका. भाजताना मांसात ठेवायचे वायरलेस थर्मामीटर वेगळे असतात, रान किंवा टर्कीला उपयोगी पडतात, आठ तंगड्यांना नाही. तुमचा मात्र ग्रिलमध्ये ठेवून झाकण लावू नका, त्याचं प्लास्टिक वितळेल. कोविडच्या दिवसांत घेतलेली कपाळावर धरायची बंदूक घरात असेल तर ती ताप मोजायला बनवलेली आहे, या आकड्यांपर्यंत ती जात नाही. कारखान्यातली इन्फ्रारेड बंदूकही फक्त पृष्ठभाग सांगते, आणि तुमचा प्रश्न हाडापाशी आहे.

कच्च्या मांसातून काढलेली सळई तशीच शिजलेल्यात घालू नका. मी शेजारी एका वाटीत साबणाचं गरम पाणी आणि कागदी रुमाल ठेवतो, प्रत्येक फेरीनंतर पुसतो.

पहिल्या दिवशी थर्मामीटर तपासून घ्या. पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी ओता, ढवळा, दोन मिनिटं थांबा. टोक मधोमध धरा, काचेला किंवा तळाला टेकू नका. ३२ यायला हवा, एक-दोन अंश इकडेतिकडे चालेल. टीपी-१९ मध्ये फरक दुरुस्त करायची सोय आहे. उकळत्या पाण्यात तपासायचा मोह होईल, तेव्हा हे लक्षात ठेवा: डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, तिथे पाणी २१२ ला नाही, २०२-२०३ च्या आसपास उकळतं. तो आकडा बघून थर्मामीटर बिघडला असं समजू नका. माझ्या एका ओळखीच्याने तिकडे नवाकोरा थर्मामीटर याच समजुतीने कचऱ्यात टाकला होता. बर्फाच्या चाचणीला उंचीचा असा फरक पडत नाही.

हिवाळ्यातही तो पडून राहणार नाही. दह्याला विरजण लावताना दूध ११० फॅरनहाइटला आलं की लावा, तिकडच्या थंडीत बोट बुडवून अंदाज नीट येत नाही. चकलीचं तेलही आमच्याकडे त्याच्यावरच ठरतं, ३५० च्या आसपास. फक्त सळई कढईच्या तळाला लावायची नाही.

बर्फाची चाचणी पार्सल आल्या दिवशीच करा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल आणि दुरुस्तीनेही हलला नाही, तर परतीची मुदत असेपर्यंत बदलून घ्या. आणि पुढच्या वेळी तंगड्या केल्यात की चिरांच्या मधला आकडा किती आला ते इथे कळवा, कोळशाची मांडणी अजून बदलायची का ते सांगतो.