‘मॅडम, पोटगी काय मरेपर्यंत द्यायची?’

घटस्फोट झालेले पुरुष हे चिडून विचारतात. बायका तेच घाबरून विचारतात, ‘मधेच बंद तर नाही ना होणार?’ दोघांना उत्तर एकच. किती वर्षं, असा आकडा कायद्यात नाही. लग्न दहा वर्षं टिकलं म्हणून पोटगी पाच वर्षं, असलं सूत्र मोबाईलवर फिरतं. आपल्याकडे ते लागू नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कोर्ट एकरकमी पोटगी ठरवतं किंवा दरमहा. दरमहाची असेल तर ती जास्तीत जास्त घेणाऱ्याच्या हयातीपर्यंत. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द मात्र ऐकणारा गाळतो.

घोडबंदर रोडला राहणारे, महापेत नोकरी करणारे एक गृहस्थ (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) याच प्रश्नावर अडून बसले होते. महिन्याला २४,००० द्यायचे होते. नवी नोकरी कमी पगाराची, म्हणून सात महिने त्यांनी हप्ताच भरला नव्हता.

“हुकमाची प्रत वाचलीत?”

“वकिलांकडे आहे.”

पुढच्या भेटीला प्रत आणायला लावली आणि मोठ्याने वाचायला सांगितली. वाचता वाचता ते अडखळले. पत्नीला १४,०००, मुलीला १०,०००.

“मग सात महिने कुणाचे पैसे थांबवलेत?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मी सगळे तिचेच धरत होतो.”

इथून पुढे सगळं बदललं. माणूस घटनेपेक्षा घटनेबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने जास्त पेटतो, हे माझं जुनं मत. ‘ती अजून माझ्याकडून घेतेय’ हे त्यांचं वाक्य होतं आणि ते त्यांच्याच हातातल्या कागदाने खोडलं. मी समजावत बसले असते तर वाद घालून उठून गेले असते.

राहिलं व्यवहाराचं काम. परिस्थिती बदलली तर कलम २५(२) खाली, ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच रक्कम कमी किंवा जास्त करण्याचा अर्ज करता येतो. यांचा हुकूम ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा, म्हणून अर्जही तिथेच. सोबत जुन्या-नव्या पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट, कर्जाचे हप्ते आणि मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र. ते प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत आवश्यक केलं आहे. त्यात उत्पन्न लपवलंत तर अर्ज तिथेच कमजोर होतो.

अर्ज केला म्हणजे हप्ता थांबला, असं मात्र नाही. नवा आदेश येईपर्यंत जुनी रक्कम चढत राहते. यांची थकबाकी १,६८,००० झाली होती. पोटगीच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून वाचतो, हे ऐकल्यावर त्यांनी आधी मुलीचे ७०,००० भरले. पुढच्या हप्त्यांसाठी दोन वेगळ्या स्थायी सूचना (दरमहा ठरलेली रक्कम आपोआप वळती करण्याच्या) बँकेत दिल्या, एक पत्नीच्या नावची, एक मुलीच्या. रोख कधीच देऊ नका, पुरावा राहत नाही. ‘पोचले का’ म्हणून दर महिन्याला होणारं व्हॉट्सॲपवरचं भांडणही त्याने मिटलं, जे मला कोर्टाच्या अर्जापेक्षा मोठं वाटतं.

एकरकमी पोटगीचा विचार असेल तर तो सहमतीच्या घटस्फोटात, अटी लिहितानाच करा. रक्कम, टप्पे, तारखा आणि ‘पुढे पोटगीचा दावा नाही’ हे स्पष्ट लिहा. मुलाचा खर्च मात्र त्यात गुंडाळू नका. आईने सोडून दिलं म्हणून मुलाचा हक्क जात नाही.

पत्नीने पुन्हा लग्न केलं तर? कलम २५ च्या हुकमात तेव्हाही कोर्टात अर्ज करून तो बदलून किंवा रद्द करून घ्यावा लागतो, परस्पर हप्ता बंद करायचा नाही. मुलीचा हिस्सा तर आईच्या लग्नाने संपत नाहीच. १८ पर्यंत तो आहे आणि १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने, ती स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर, तिचं लग्न होईपर्यंतही मागता येतो.