रोज कृतज्ञता व्यक्त केल्याने तब्येत खरंच सुधारते का? डायरी लिहायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग राग आला, म्हणून लिहायला बसले. अशी एक डायरी माझ्या कपाटात आहे. गुलाबी पुठ्ठा, प्रत्येक पानावर ‘आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?’ असं छापलेलं. पुण्याच्या जाऊबाई तीन वर्षांपूर्वी गणपतीला आल्या तेव्हा त्यांनी दिली.

आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धंमुर्धं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही रात्री दोनला आलं तर दोनला उठून बॅरल भरायचे. माझी झोप तीन-चार तास, बीपी १६०-१००. हे सगळं बघून जाऊबाई काय म्हणाल्या? “तू नशीबवान बघ, तुला सेवा करायला मिळाली. आम्हाला कुठलं एवढं भाग्य! कृतज्ञ राहा, तब्येत आपोआप सुधारेल.” मोदक खाल्ले आणि सोमवारी गेल्या.

त्या डायरीत पहिले चार महिने मी दुधाचा हिशोब लिहिला.

माझी मुलगी नर्सिंग करते. तिनं एकदा मोबाईलवर वाचून दाखवलं, की २००३ साली एमन्स आणि मॅक्‌कलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचेक गोष्टी लिहायला लावल्या. दुसऱ्या गटाला कटकटी. बरं लिहिणाऱ्यांची दुखणी-खुपणी कमी निघाली, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांचा व्यायाम आठवड्याला दीडेक तास जास्त झाला. मी विचारलं, कोण होते हे लोक? म्हणे कॉलेजची मुलं. मग काय तर! त्यांना कुणाचं डायपर बदलायचं होतं? पण पोरगी चिकट. म्हणाली, त्याच दोघांनी स्नायू-मज्जातंतूंच्या आजाराच्या माणसांकडून एकवीस दिवस लिहून घेतलं, तर त्यांना झोप जास्त आणि चांगली लागली. तिथं मी गप्प बसले.

कारण झोपेचं मला पटलं. अंथरुणाला पाठ टेकल्यावर डोक्यात काय फिरतं, त्यावर झोप ठरते. माझ्या डोक्यात फिरायचं ते जाऊबाईंचं ‘करायला मिळाली’.

त्या रात्री दुधाच्या हिशोबाखाली एक ओळ लिहिली, ‘शनिवारी अक्का बसल्या.’ शेजारच्या अक्का कन्नड घरच्या. दर शनिवारी मी बाजाराला जाते तेव्हा दोन तास सासूबाईंजवळ बसायच्या. सासूबाईंचं कन्नड बाजारापुरतं, अक्कांचं मराठी मोडकं, दोघी काय बोलत कोण जाणे. पण परत आले की सासूबाई खुशीत सांगायच्या, “जेवलो गं.” (आमच्या बायका ‘जेवलो, आलो’च म्हणतात. जाऊबाई त्यालाही हसतात.) आणि इतक्या वर्षांत मी अक्कांना एकदाही काही बोलले नव्हते. आपल्यात बोलत नाहीत. कुणाचे आभार मानले तर ‘परकं करतेस होय’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रताळ्याच्या घाऱ्या घेऊन गेले आणि सांगून टाकलं, “अक्का, तुम्ही बसता म्हणून मी अजून धड आहे.” त्या म्हणाल्या, “हुच्ची!” म्हणजे खुळी. डबा रिकामा देऊ नये म्हणून शेंगाचटणी भरून दिली. त्या रात्री पाणी एकला आलं. बॅरल भरून पडले ती सहालाच उठले.

सेलिग्मन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली लोकांकडून असंच करून घेतलंय म्हणे. ज्याचे आभार राहून गेले त्याला पत्र लिहायचं आणि समक्ष नेऊन द्यायचं. आनंद बराच वाढला, महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी उतरला. म्हणून मी अधूनमधून जाते. डायरी रोज लिहू नका, तिची शाळेतली हजेरी होते. आठवड्यातून एकदा पुरे, पण ‘कुटुंबासाठी कृतज्ञ’ असलं गुळमुळीत नको. कोणी, काय, कधी केलं ते लिहा.

आणि माझं स्पष्ट मत, ज्याला फायदा झाला त्यानं कृतज्ञ राहावं. राबणाऱ्याला कृतज्ञता शिकवायची नसते.

हो, बीपीची गोळी मी सोडलेली नाही. आता १३०-८४ असतं, त्यात श्रेय आधी गोळीचं. २०२४ साली ४९ हजारांवर वयस्क अमेरिकी नर्सच्या पाहणीत जास्त कृतज्ञ बायकांत पुढच्या तीनेक वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांनी कमी दिसलं. पण अशा पाहणीवरून कृतज्ञतेनंच आयुष्य वाढलं असं म्हणता येत नाही, हे पोरीनंच बजावलंय. मन फारच खचलं असेल तर डायरी ठेवा बाजूला, डॉक्टरकडे जा.

जाऊबाई हे वाचत असतील तर सांगते, सासूबाईंना आता व्हीलचेअरवर बसवता येतं आणि तुमची गाडी मोठी आहे. दिवाळीनंतर दोन महिने न्या. तुमच्याकडे चोवीस तास पाणी आहे. गुलाबी डायरीही सोबत देते, मागची वीसेक पानं कोरी आहेत.