अहमदाबादची 'मोफत' सहल आणि आईची थांबवलेली मेडिक्लेम

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : मी 41 वर्षांचा, राहणार बोरिवली. घरात पत्नी, 12 वर्षांचा मुलगा आणि 66 वर्षांची आई. हातात येणारा पगार 82,000, त्यातून गृहकर्जाचा हप्ता 29,000. बचत खात्यात 1 लाख 10 हजार. दिवाळीचा बोनस 40,000 सहलीसाठी बाजूला ठेवला आहे. 16 नोव्हेंबरला एका हॉलिडे क्लबच्या कार्यक्रमात 25 वर्षांचं सदस्यत्व घेतलं : 3,60,000 रुपये, वर्षाला 6 रात्री. 60,000 क्रेडिट कार्डवर भरले, उरलेल्या 3 लाखांचं 16 टक्क्यांनी 36 महिन्यांचं कर्ज, पहिला हप्ता 5 डिसेंबरला. सोबत अहमदाबादजवळच्या रिसॉर्टमधल्या दोन रात्रींचं मोफत व्हाउचर मिळालं. 20-21 डिसेंबरच्या शनिवार-रविवारी ते वापरावं की उन्हाळ्यासाठी ठेवावं? आम्ही शाकाहारी, आई कांदा-लसूण खात नाही. शहर बघणं आणि जेवणखाण 25,000 मध्ये बसेल का? हप्त्याची सोय म्हणून आईची मेडिक्लेम यंदा भरलेली नाही, एप्रिलमध्ये नवी, स्वस्त घेऊ. सदस्यत्व पुढे विकता येतं, म्हणून ती गुंतवणूकच धरली आहे.

उत्तर :

सहल 25,000 मध्ये आरामात बसते. पण व्हाउचर डिसेंबरातही वापरू नका आणि उन्हाळ्यातही नको. त्याआधी आईची मेडिक्लेम आज भरा. हे वाचून झाल्यावर लगेच.

तुम्ही लिहिलंय की पॉलिसीची मुदत 31 ऑक्टोबरला संपली, हप्ता 31,000, पॉलिसी सहा वर्षं जुनी, आणि आईला मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, म्हणजे तुमच्याकडे 30 नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. तोवर पैसे भरलेत तर सहा वर्षांचं सातत्य टिकतं. मात्र मधल्या खंडात आजारपण आलं तर त्याचा खर्च कंपनी देत नाही. आजची रात्रसुद्धा तुम्ही आईला विम्याशिवाय ठेवली आहे.

एप्रिलमध्ये 'नवी, स्वस्त' मिळणार नाही. 66 वर्षांच्या मधुमेही अर्जदाराला आधी तपासण्या कराव्या लागतात, मग हप्ता वाढवून सांगतात किंवा सरळ नाही म्हणतात. मिळालीच तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, 'तुम्ही अमुक लपवलं' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. हे संरक्षण आईनं कमावलेलं आहे, नव्या पॉलिसीत ते पुन्हा शून्यापासून सुरू होईल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. तुमचा 31,000 चा आकडा जुन्या नोटिशीतला असेल तर प्रत्यक्षात कमी भरावे लागतील. रक्कम बोनसमधून द्या. कंपनी बदलायची असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी पोर्टिंगचा (सातत्य न तोडता पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा) अर्ज करा. पॉलिसी तुटू देऊन कंपनी बदलत नाहीत.

आता क्लब. 3,60,000 रुपये 7 टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर वर्षाला 25,000 व्याज येतं. तुमच्या करारात देखभाल शुल्क 15,000 आहे, तेही दर वर्षी वाढणारं. म्हणजे वर्षाचे 40,000, भागिले 6 रात्री : एका रात्रीला 6,700 रुपये, तेही सहाच्या सहा रात्री वापरल्या तर. एफडीतलं मुद्दल 25 वर्षांनी तुमच्या हातात असतं, क्लबमधलं नसतं. वर 3 लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण 10,550, तीन वर्षांत 80,000 नुसतं व्याज. अहमदाबादेत स्टेशनपासून जवळ, स्वच्छ, एसी खोली 2,500 ते 3,000 मध्ये मिळते.

करारातलं बारीक अक्षरही वाचू. क्लबनं वर्षाचे सीझन रंगांनी वाटलेत. तुमच्या रंगाच्या सीझनमध्ये शनिवारची रात्र दोन रात्री म्हणून मोजली जाते आणि डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा त्यात नाहीच. 'मोफत' व्हाउचरवर माणशी रोज 1,200 चा जेवणखर्च सक्तीचा : चौघांचे दोन दिवसांचे 9,600. रिसॉर्ट शहरापासून 30 किलोमीटरवर. जे शहर बघायला जायचं, तिथं रोज 60 किलोमीटर टॅक्सीनं ये-जा करायची आणि माणेकचौकातल्या रात्रीच्या गाड्यांवर खायचं सोडून रिसॉर्टचा बुफे खायचा. हे तुम्हाला मोफत म्हणून विकलं गेलं.

विकता येण्याबद्दल : अशा सदस्यत्वांना सहसा गिऱ्हाईक मिळत नाही. 'तुमचं सदस्यत्व आम्ही विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक समजा.

तुम्ही पाठवलेल्या पानावर सहीपासून 10 दिवसांत रद्द करण्याचं कलम आहे. म्हणजे 26 नोव्हेंबर. त्याच कलमात पुढे लिहिलंय की सुट्टीचा कोणताही लाभ घेतला असल्यास परतावा नाही. व्हाउचरला हात लावू नका म्हटलं ते यासाठी. करारातल्या ईमेलवर सदस्य क्रमांक, तारीख आणि 'कलमानुसार सदस्यत्व रद्द, पूर्ण परतावा द्यावा' एवढं लिहून पाठवा. तेच पत्र सही करून पोचपावतीसह स्पीड पोस्टानं. फोनवर रद्द केलं म्हणून गप्प बसू नका. विक्रेता 'सहा महिने फ्रीझ करतो', 'दोन रात्री वाढवून देतो' म्हणत मुदत उलटेपर्यंत बोलत राहील.

कर्ज देणारी संस्था क्लबपेक्षा वेगळी आहे, इथं बरेच जण अडकतात. क्लबनं रद्द केलं म्हणून कर्ज आपोआप बंद होत नाही. त्यांनाही त्याच दिवशी लिहा आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र मिळवा. रागानं बँकेतला ऑटो-डेबिट थांबवलात तर सिबिल तुमचं बिघडेल, क्लबचं काही जाणार नाही. कार्डवरचे 60,000 मुदतीच्या तारखेला बचत खात्यातून पूर्ण भरा. 'मिनिमम ड्यू' भरून पुढे ढकलले तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर जीएसटी. परतावा आला की खातं भरून निघेल.

पैसे देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग : तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

आता सहल. डिसेंबर सोडा. 25 ते 31 ला कांकरिया तलावावरचा कार्निव्हल आणि जानेवारीत उत्तरायण (पतंगांचा सण), या दिवसांत खोल्या महाग. फेब्रुवारीतला एखादा शनिवार-रविवार धरा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तोवर क्लबचा निकालही लागलेला असेल.

शुक्रवारी रात्री बोरिवलीहून गुजरात मेल, सकाळी सहाच्या आसपास अहमदाबाद. रविवारी रात्री त्याच गाडीनं परत. हॉटेलची एकच रात्र लागते. थर्ड एसीचं तिकीट हजाराच्या आत, चौघांचं जाऊन-येऊन 7,000 धरा. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे. दोन खोल्या एका रात्रीच्या 5,000, जेवणखाण 5,500, रिक्षा-मेट्रो आणि अर्धा दिवस गाडी 3,500, तिकिटं 500. एकूण 21,500. खोली ठरवताना सकाळी सातला चेक-इन मिळेल का, हे फोनवर विचारून घ्या. नाहीतर आई दुपारी बारापर्यंत लॉबीत बसून राहील.

शनिवारी सकाळी साबरमती आश्रम, तिथं प्रवेशमूल्य नाही. दुपारी थाळी. 'गोपी'सारख्या डायनिंग हॉलमध्ये माणशी 500 धरा. 'हाउस ऑफ एमजी'च्या गच्चीवरचं 'अगाशिये' हजाराच्या वर जातं, एकदा जायला हरकत नाही, पण मग बजेटमध्ये 2,500 वाढवा. थाळी अमर्याद असते, म्हणून दिवसातून एकच. संध्याकाळी सिदी सैयद मशिदीची कोरीव दगडी जाळी (1573), रात्री नऊनंतर माणेकचौक. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री पावभाजी, घुघरा सँडविच आणि डोशांच्या गाड्या. ऑर्डर देतानाच 'जैन' म्हणा, कांदा-लसूण वगळून वेगळं करून देतात. गुजराती डाळीत गूळ असतो, आईच्या मधुमेहासाठी तो हिशेब ठेवा. कढी विचाराल तर तीही गोडसरच असते.

रविवारी सकाळी आठला काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महापालिकेचा हेरिटेज वॉक सुटतो आणि 1424 च्या जामा मशिदीपाशी संपतो. दोन-अडीच तास, पोळांच्या (जुन्या शहरातल्या दाट वस्त्यांच्या) अरुंद गल्ल्यांतून. 2017 मध्ये युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा शहर ठरवलं, ते या पोळांमुळेही. आईला तेवढं चालवत नसेल तर ती मंदिरात थांबू दे. दुपारी गाडी करून 18 किलोमीटरवरची अडालजची पाच मजली वाव (पायऱ्यांची विहीर) बघा. तिथं पायऱ्या बऱ्याच आहेत, खाली उतरायचं की नाही ते आईच्या गुडघ्यांना ठरवू द्या.

अहमदाबाद स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्यानं काही गाड्या साबरमतीसारख्या दुसऱ्या स्टेशनवरून सुटतात. परतीच्या तिकिटावर कोणतं स्टेशन छापलंय ते अडालजहून निघण्याआधी बघा, आणि रिक्षावाल्याला तेच सांगा.